आठ पायांची चिप

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. सोलापूरच्या पूर्व भागातला आमचा बोळ, दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने आणि मधे आमच्या दोन खोल्या. सकाळी माग सुरू झाले की मांडणीवरची भांडीसुद्धा आपोआप वाजायला लागायची. नुसतं 'मीठ दे' म्हणायचं तरी ते शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं लागे. आमच्या बोळातल्या पोरींना सासरी पहिली बोलणी बसत ती याच कारणानं, की ही बया सारखी ओरडतेय कशाला? मलाही बसली. आता पन्नाशी जवळ आली, बोळ सुटून किती वर्षं झाली, तरी मी फोनवर बोलायला लागले की माझी लेक तिकडून म्हणते, 'मम्मी, माग बंद कर आधी.' ती चेष्टा करते, पण मला तिचा राग येत नाही. त्या खडखडाटात मी लहानाची मोठी झाले, अभ्यास केला, झोपले. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की मला उलट झोप लागत नसे.

आम्ही तेलुगू, पद्मशाली, म्हणजे विणकर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि भांडण ज्या भाषेत पटकन सुचेल त्या भाषेत. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. नायना मागावर बसत नसत, ते ग्राफ काढत. चादरीवर, टॉवेलवर, भिंतीला लावायच्या विणलेल्या चित्रांवर जे मोर आणि हरणं आणि कमळं दिसतात ती आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढावी लागतात. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे मागावर चढवतात, मग कापडात मोर उतरतो. नायनांच्या कारखान्यात विणताना कापडाची सुलटी बाजू खाली असे, म्हणून ग्राफ उलटा काढावा लागे. मोराचं तोंड डावीकडं हवं असेल तर कागदावर उजवीकडं. शेठचं नाव कापडात यायचं असेल तर तेही आरशात बघितल्यासारखं. नायना आरसाबिरसा काही घेत नसत. आपण सही करतो तितक्या सहज ते उलटं काढत. फक्त शेजारी रंगांची नावं लिहायची ती सुलटी. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, 'नावं माणसानं वाचायची असत्यात, चित्र मागानं.' मला हे बोलणं इतकं आवडलं होतं की शाळेत बाईंना सांगितलं. बाईंना काही कळलं नाही.

अम्मा विड्या वळायची. तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणि कात्रीची सारखी कचकच. ती बोलायला तोंड उघडी तेव्हाही हात थांबत नसत. विड्या टाकून ती चुलीपाशी गेली की पच्ची पुलुसु करी. चिंचेचं न उकळलेलं पाणी, त्यात कांदा, मिरची आणि वरून फोडणी, बस्स. भातावर ओतलं की ताटातून ओघळ कोपरापर्यंत. ते खाताना नायना डोळे मिटून घेत. माझा धाकटा भाऊ सत्या मात्र वाटी तोंडाला लावून पिऊन टाकी आणि मग 'अजून' म्हणून माझ्या वाटीकडं बघे. मी दिली तर कौतुक नाही, न दिली तर 'अक्का लई कंजूष हाय'.

आता त्या दोघांचं बोलणं कसं बंद झालं ते सांगते. सत्यानं आयटीआयला वायरमनचा कोर्स केला होता. पण त्याचा जीव वायरिंगमध्ये नव्हता, बंद पडलेले रेडिओ नि टीव्ही उघडण्यात होता. तेवढ्यात नायनांनी शेठकडं शब्द टाकून त्याला ग्राफाच्या खोलीत आपल्याशेजारी जागा बघितली. घरात येऊन मोठ्या खुशीत सांगितलं. सत्या जेवत होता, नायनाही ताटावर बसले. तो म्हणाला, मी पुण्याला चाललोय, टीव्ही दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. शब्दाला शब्द वाढला. आमच्याकडं सगळे ओरडूनच बोलत असल्यामुळं नुसतं बोलणं कुठं संपलं आणि भांडण कुठं सुरू झालं ते पटकन कळायचं नाही. शेवटी सत्या म्हणाला, 'उभा जन्म उलटं काढलंत तुमी. आणि सुलट्या बाजूला नाव कुणाचं? शेठचं!' नायनांचा हात ताटातच थांबला. ते उठले, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून ते सत्याशी बोलले नाहीत आणि सत्याही हट्टानं बोलला नाही. कुणाचा मुलगा तो! मग दोघांच्या मधे मी. 'सुज्जी, त्याला सांग, नळाला पाणी आलंय.' सत्या तीन हातांवर उभा. 'अक्का, त्यांना सांग, बादली लावलीय.' मी सुरुवातीला इमानानं सांगत असे. पुढं पुढं मी नुसती मान वळवी, आणि तेवढं पुरे. मागांच्या आवाजानं नायनांचे कान गेले होते, त्यामुळं सत्याला माझ्याकडं तोंड करून इतक्या मोठ्यानं बोलावं लागे की बोळातल्या सगळ्यांना कळे. लोक हसत. अम्मा मात्र हसत नव्हती. ती म्हणायची, 'पुण्याला जायचंय तर जाऊ दे बाई, पण असा न बोलता गेला तर हा माणूस आतून कुढत राहील.' सत्याचं जायचं ठरलं होतं नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी. तेवढ्या वेळात या दोघांपैकी एकानं तरी तोंड उघडावं, एवढीच तिची इच्छा होती. माझीही. मला तर दिवसभर त्यांचा पोस्टमन होऊन कंटाळा आला होता, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटत होती. दोघांवरही माझा जीव होता.

याच दिवसांत आमच्या घरी गेमचा डबा आला. हैदराबादच्या मामांचा मुलगा अमेरिकेहून आला होता. त्यानं त्याचा जुना झालेला, सीडी घालून टीव्हीला लावायचा गेम सत्याला दिला, सोबत एकच सीडी. ती मोटारींच्या शर्यतीची होती आणि आठवड्याभरात सगळ्या बोळाला पाठ झाली. नवी पेठेत फूटपाथवर गेमच्या सीड्या ढिगानं मिळत, पण त्या नकला. आमच्या डब्याला नकली सीडी चालत नसे. आत टाकली की जरा वेळ गरगर करी आणि मुकाट्यानं नकार देई. सत्याला कुणीतरी सांगितलं की आत एक आठ पायांची चिप जोडली तर डबा कुठलीही सीडी खातो. आज याला लोक चोरी म्हणतील, म्हणोत बापडे. तेव्हा आमच्या गावात सुलट्या मार्गानं मिळणारी सीडीच नव्हती. सत्यानं एक कोरी चिप मिळवली आणि मित्राच्या कॉम्प्युटरला स्वतः बनवलेली जोडणी लावून तिच्यात प्रोग्रॅम भरला. चिप एकच होती. डब्यात कुठल्या जागी वायरी लावायच्या ते त्यानं मित्राकडून समजून घेतलं होतं. चिपच्या कुठल्या पायाला कुठली वायर, तेवढं चित्र हवं होतं. पुण्याला जायच्या आधी हे एक काम आपल्या हातानं पुरं करायचं, असं त्यानं मनात घेतलं होतं. स्वतःलाच काहीतरी दाखवायचं होतं त्याला. नायनांनाही दाखवायचं असणार, पण तसं तो कशाला म्हणतोय!

इंग्रजी मला जरा बरं येई, म्हणून नवी पेठेतल्या सायबर कॅफेत मी गेले. चित्र सापडलं, पण तिथला प्रिंटर बंद. मग वहीच्या कागदावर बघून काढलं. एका टोकाला खाच असलेला चौकोन, दोन्ही बाजूंना चार चार पाय, आणि कुठल्या पायाला कुठली वायर ते. माझी चित्रकला म्हणजे आनंदच होता. घरी आल्यावर नायनांनी तो कागद माझ्या हातात बघितला. 'हे काय? कोंबडी चालली का शाईतून?' मी सांगितलं, सत्याच्या चिपचं आहे. त्यांनी चष्मा पुसला, आपला चौकटीचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. एवढ्याशा चित्राला त्यांनी अख्खी संध्याकाळ घातली. प्रत्येक पाय चौकटीत नेमका, प्रत्येक वायरीला वेगळा रंग, रंगांची नावं मोत्यासारखी. कागद माझ्याकडं देताना म्हणाले, 'मी काढलं म्हणून सांगू नको.' मी म्हटलं, 'मग काय सांगू?' तर म्हणाले, 'तू काढलंस म्हण.' मी तसं सांगितलं. सत्यानं तो कागद हातात घेतला, बघितला, आणि मला म्हणाला, 'लई भारी काढलंस गं अक्का.' मग त्यानं दारातून ओट्याकडं बघितलं. तिथं नायना पाठमोरे बसले होते. त्या कागदावरचा हात कुणाचा हे आमच्या बोळातल्या कुणालाही कळलं असतं. आमच्या घरात प्रेम असंच वाहत होतं, माझ्या नावावर, हे मला आज लिहिताना कळतं आणि डोळ्यांत पाणी येतं.

नारळी पौर्णिमेला आमच्या कुलदैवताचा, मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या दिवशी पूर्व भागात एकही माग चालत नाही. पुरुषांनी जानवी बदलली, मी सत्याला राखी बांधली, अम्मानं पुरणाच्या पोळ्या केल्या. आमच्याकडं त्यांना पोलेलु म्हणतात आणि त्यावर तूप ओतताना हात आखडायचा नसतो. दरवर्षी नायना रथाबरोबर जात. त्या वर्षी म्हणाले, गुडघा दुखतोय. गुडघा सकाळपर्यंत चांगला होता. पण सत्यानं टीव्हीपुढं सतरंजी टाकून डबा उघडला होता, आणि नायना त्यांच्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. एवढी शांतता होती की लांबून रथापुढचा बाजा ऐकू येत होता.

सत्यानं चिप डब्यात चिकटवून ठेवली आणि कागद समोर धरून एकेक वायर तिच्या पायांना सोल्डर केली. राळेचा वास घरभर, पुरणाच्या वासात मिसळलेला. नवी सीडी घातली. बटण दाबलं. डब्याचा हिरवा दिवा लागला, मंद झाला आणि विझला. सत्यानं चिपला बोट लावलं आणि 'आई गं' करून मागं घेतलं. चटका बसला होता. त्यानं घाईनं बंद केलं. मग एकेक वायर चिमट्यानं ओढून बघितली, सगळ्या घट्ट. दोन ठिकाणचं सोल्डर पुन्हा केलं. चिप काढून बघितली तर डबा शहाण्यासारखा चालू, ती जुनी शर्यतही लागली. चिप लावली की दिवा मेला. म्हणजे खोट चिपपाशीच. तो घामाघूम झाला. आणखी दोनदा तापली तर चिप जळणार, जळलीच असली तर आताच सगळं संपलं.

खाटेवरून आवाज आला, 'सुज्जी, त्याला विचार, काय झालं?'

'अक्का, त्यांना सांग, चिप तापायलीय.'

खाटेवरून पुन्हा, 'त्याला विचार, ग्राफात चूक हाय का?'

सत्यानं वर न बघता म्हटलं, 'त्यांना सांग, ग्राफ अक्कानं काढलाय.'

नायनांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. मी मात्र तो कागद हातात घेऊन बघत बसले आणि बघता बघता मला काहीतरी खटकलं. कॅफेतल्या चित्रात खाच वर होती आणि करंटची लाल वायर डावीकडच्या पहिल्या पायाला होती. इथं ती उजवीकडं. माझा तो कोंबडीचा कागद कॉलेजच्या पुस्तकात होता, तो मी काढला. नायनांचा कागद खिडकीच्या काचेवर उजेडात धरला. मग पालथा धरला. पाठीमागून बघितल्यावर दोन्ही चित्रं तंतोतंत जुळली. नायनांनी सवयीनं चित्र उलटं काढलं होतं. नावं सुलटी, चित्र उलटं. चित्र मागानं वाचायचं होतं ना!

सांगावं तर सत्या म्हणणार, बघ, मी म्हटलो नव्हतो? जन्मभर उलटंच काढलं. आणि ते नायनांना ऐकू गेलं की झालंच मग. न सांगावं तर चिप जळणार, पोरगं तोंड पाडून पुण्याला जाणार. शेवटी मी त्याच्याजवळ बसले आणि त्याच्या कानात सांगितलं. आमच्या घरात मी केलेली ती बहुतेक पहिली कुजबुज. त्यानं दोन्ही कागद घेतले, काचेपाशी गेला, बराच वेळ उभा राहिला. मी वाट बघत होते की आता हा हसेल. तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. 'माझ्यासाठी काढलं, तरी हात तसाच गेला बघ त्यांचा,' तो म्हणाला, आणि मग मला दटावून, 'गप बस, एक शब्द बोलू नको.'

मला वाटलं, आता तो माझा कागद समोर ठेवील आणि वायरी डावीकडच्या उजवीकडं करील. त्यानं सगळ्या वायरी सोडवल्या खऱ्या. पण मग चिप उचलली, उताणी केली, आठही पाय वर करून पाठीवर चिकटवली, आणि माझा कागद घडी करून माझ्याच हातात दिला. समोर ठेवला तो नायनांचा. त्याच कागदावर बोट ठेवत, त्याच रंगांच्या क्रमानं, एकेक वायर त्यानं जोडली. मला समजायला जरा वेळ लागला. चिप उताणी झाल्यावर तिचे डावीकडचे पाय उजवीकडं गेले आणि उलटा ग्राफ सुलटा झाला होता. कागदात एका रेघेचीही दुरुस्ती करावी लागली नाही.

नायना कधी उठून बसले ते आम्हाला कळलं नाही. ते बघत होते.

सत्यानं बटण दाबलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. त्यानं चिपला बोट लावलं, गार होती, आणि मेलेली नव्हती. सीडी गरगरली, टीव्हीतून एक लांबलचक सूर निघाला आणि नवीन गेमचं चित्र आलं. मी ओरडलेच. सत्यानं कपाळाचा घाम राखीच्याच हातानं पुसला आणि सवयीनं माझ्याकडं तोंड करून म्हणाला, 'अक्का, नायनांना सांग, ग्राफ बरोबर हाय. चिपच मी उलटी लावली होती.'

मी मान वळवली, पण नायनांनी हात वर करून मला थांबवलं. 'ऐकू आलं मला,' ते म्हणाले. मग खाटेवरून उतरले, सतरंजीपाशी आले, वाकून त्या उताण्या चिपकडं बघितलं. उलट्या-सुलट्यात उभा जन्म काढलेला माणूस तो. मग सरळ सत्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले, 'मला येडा समजतोस व्हय रे?'

सत्या चाचरला. 'न्हाय की.'

'मग खोटं कशाला बोलतोस बापाशी?'

'तुमी बी बोललात की. अक्कानं काढलं म्हणून.'

नायना माझ्याकडं बघायला लागले. मी वर छताकडं. मग ते गुडघ्यावर हात देऊन सतरंजीवर बसले, अगदी सत्याला खेटून, आणि टीव्हीकडं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'आणि रंग कुठं गेले?' चित्र सगळं काळं-पांढरं होतं. मामांच्या मुलानं दिलेल्या सीडीचंही तसंच दिसायचं, पण आजवर नायनांनी कधी वळून बघितलंच नव्हतं. 'डबा अमेरिकेचा हाय नायना, टीव्ही हितला. दोघांचे रंग जुळत न्हाईत.' 'जुळत न्हाईत म्हणजे? रंग जुळत नसतो का कधी? जुळवावा लागतो!' 'अहो, ते तसं नसतंय.' 'मग कसं असतंय? शिकवतोस मला? लाल कुठली वायर हाय तुझी?' 'त्या लालचा हिथं काय संबंध?' 'संबंध न्हाय कसा?'

आवाज चढत गेले. बोळात माग बंद होते तरी दोघे तितक्याच जोरात. मला मधे कुणी काही सांगायला सांगेना. मी उठले आणि आत गेले. अम्मा पोलेलुच्या परातीपुढं बसून, हात पिठात तसाच, कान देऊन ऐकत होती. तिचा चेहरा भेदरलेला होता.

'काय झालं गं?' तिनं विचारलं.

'काही नाही. भांडतायत.'

'कुणाशी?'

'एकमेकांशी.'

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पिठाच्याच हातानं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, 'भांडू दे.'